आक्का गालाने बघायची

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या शेळ्यांच्या गोठ्यावर उघडते. घर घेतलं तेव्हा ह्यांनी बजावलं होतं, "खिडकी बंदच ठेवत जा, वास येईल." वासाची सवय लगेच झाली. वेळ लागला तो आक्काची सवय व्हायला.

पहिल्याच सकाळी मी भांडी विसळत होते. समोर एक वयस्कर बाई शेळीच्या पोटाला गाल लावून, डोळे मिटून उभी. मला वाटलं, भोवळ आली असावी. मी हाक मारली, "अहो, बरं वाटत नाही का?"

तिने डोळे न उघडताच हात वर केला, थांब म्हणून. गाल जरासा पुढे सरकवला, पुन्हा थांबली.

"मला काय होतंय! हिला इथे गोचीड आहे," म्हणाली.

आक्का म्हणजे गोठ्याच्या मालकाची थोरली बहीण. सगळं जग तिला आक्काच म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. गंधकाच्या मलमात आणि चुन्याच्या पाण्यात वर्षानुवर्षं हात घालून तिच्या बोटांची टोकं मेली होती. त्यांना तापलेला तवा आणि थंड पाणी सारखंच. मऊ काय, खरखरीत काय, पुटकुळी कुठे, ऊब जास्त कुठे, यातलं बोटांना काही समजत नसे. म्हणून ती शेळीचं अंग गालाने बघायची. मानेपासून सुरू करायची, खांद्यावरून पाठ, मग कूस, मग मांडीची आतली बाजू. केस उलटे फिरवायचे, गाल टेकवायचा, पुढे जायचं.

तिची भावजय, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी, पायरीवर बसून भाजी निवडत असत. "बघा, बघा," त्या मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "नवऱ्याचे राहिलेले मुके आमच्या आक्का शेळ्यांवर उधळतात."

आक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायची. देवाने मुक्या जनावरांना जीभ दिली नाही असं आपण म्हणतो. आक्काला दिली होती, चांगली तिखट दिली होती, पण ती फार क्वचित बाहेर काढायची.

नवऱ्याने तिला मूल नाही म्हणून परत पाठवलं होतं. तेही तरुणपणी नव्हे, कानशिलं पांढरी व्हायला लागल्यावर. तो स्वतः सोडायला आला, ओसरीवर बसून चहा प्यायला, "चहा छान झालाय" म्हणाला आणि पिशवी ठेवून गेला. त्याच दिवशी भावाने बाजारातून राखाडी रंगाचं एक करडू आणलं होतं. दारात दोघी एकदमच उभ्या. भाऊ म्हणाला, "ही उद्या दूध तरी देईल. हिचं काय करायचं?" हे मला आक्कानेच सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती. ते करडू म्हणजे भुरी.

मग भावाने तिला काम दिलं. गोठ्याचा पुढचा भाग दुभत्या शेळ्यांचा, मागचा भाग आटलेल्या म्हाताऱ्यांचा. मागच्या भागाला लागून एक खोली, तिथे आक्काची खाट. म्हाताऱ्या शेळीचं मटण कोणी फुकटही नेत नाही, चावता चावता दात हलतात. पण कातडं मोठं मिळतं, आणि बिनडागाचं असेल तर त्याचे हातमोजे होतात. कातडेवाला वर्षातून एकदा यायचा, थंडी सरली आणि शेळ्यांनी हिवाळ्याचे केस झाडले की. तोवर म्हाताऱ्यांचं कातडं जपायचं, हे आक्काचं काम. बदल्यात खाट आणि जेवण.

म्हातारी शेळी जपणं सोपं नसतं. तिचे केस राठ होतात, कोंडा धरतो. हाडं वर येतात, म्हणून बसल्या जागी कातडं घासतं. उभं राहवत नाही, मग ती पुढचे गुडघे टेकून खाते, गुडघ्यांना घट्टे पडतात. आक्का गुडघ्यांना तेल चोळायची, बसायच्या जागेचा पेंढा दुपारी पुन्हा बदलायची. जवस भिजवून खुराकात घालायची, त्याने केसांना तकाकी येते. आधी राठ ब्रशने खरारा, मग मऊ, मग जुन्या सुती कापडाने पुसणं. थंडीत अंघोळ नाही, फक्त ओलं फडकं. थंडी वाढली की गोणपाटाच्या झुली, आणि प्रत्येकीची झूल वेगळी. एकीची दुसरीवर चुकूनही टाकायची नाही, कारण खरूज झुलीतून जाते. नवीन शेळी आली की तिची झूल आधी चुन्याच्या पाण्यात उकळायची, मग बाकीच्यांच्या जवळ न्यायची. हा तिचा कायदा. त्यापुढे ती मालकालाही जुमानत नसे.

एवढं करूनही एखादं कातडं कातडेवाला परत पाठवायचा. जिवंतपणी न दिसलेला गोचिडाचा डाग कमावताना भोक होऊन उघडा पडतो. असं नापास, अर्धकच्चं कातडं परत आलं, की भाऊ ते आक्काच्या खोलीसमोरच्या दोरीवर टांगायचा, बरोबर खाटेच्या समोर. काढायचं नाही. वास सुटला तरी नाही, माश्या आल्या तरी नाही. पुढच्या खेपेचा माल पास होईपर्यंत ते तिथेच. ओरडणं नाही, हात उगारणं नाही. "बघत राहा म्हणजे लक्षात राहील," एवढंच म्हणायचा.

मी एकदा नाकाला पदर लावून विचारलं, "आक्का, तुम्हाला झोप कशी येते?"

"ही कोण होती ते मला माहितीये ना," आक्का दोरीकडे बघत म्हणाली. "ओळखीच्या बाईसमोर झोपायला कसली लाज?"

भुरी मागच्या भागात फार उशिरा आली. दूध देत होती तोवर पुढेच होती, पण आक्का रोज मागच्या भागातून पुढे जाऊन तिला खरारा करायची. खराऱ्याची वेळ झाली की भुरी आपणहून वळायची आणि कूस पुढे करायची. एक बाजू झाली की दुसरी. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसासारखी, मान जराशी तिरपी. म्हातारी झाली तरी तिच्या राखाडी केसांवरून पाणी ओघळून जायचं. मी दूध घ्यायला जाई तेव्हा मलाही हात फिरवायचा मोह होई.

मग भुरी आटली.

मी त्या सकाळी भांडं घेऊन गोठ्यातच होते. भाऊ उपड्या बादलीवर बसून एका शेळीचे खूर कापत होता. "भुरी मागे घे," तो म्हणाला. "थंडी सरेपर्यंत तिचं कातडं तयार पाहिजे."

आक्का जागची हलली नाही. "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

"दोन वेळचं ताट न मागता मिळतं, म्हणून," वहिनी पायरीवरून म्हणाल्या.

"भुरी मला राहू दे."

भावाने मान वर केली. तो रागावला नाही, त्याला खरंच मजा वाटली. "अगं, या गोठ्यातलं सगळ्यात चांगलं कातडं तिचं. तूच केलंस ते. ते सोडू होय? किडकं असतं तर खुशाल ठेवली असती. बांधली असती तुझ्या खाटेला."

"शब्द देतोस?"

"दिला, जा," म्हणत त्याने खुराचा तुकडा उडवला.

वहिनींनी भाजीचं ताट बाजूला सारलं. "ठेवा की. घरात दोन म्हाताऱ्या. एकीचं कातडं तरी विकलं जाईल."

भाऊ मोठ्याने हसला. आक्काही हसली, आणि ते बघून मला बरं वाटलं. मी दूध घेऊन घरी आले.

त्याच सुमारास गोठ्यात एक नवीन शेळी आली होती, खरूज झालेली. ती वेगळी, कडेला बांधलेली. तिची झूल उकळायच्या पिंपाशेजारी पडलेली. मी खिडकीतून बघत असताना आक्काने ती झूल उचलली. मला वाटलं, पिंपात टाकेल. तिने ती हातावर घेतली, थोडा वेळ उभी राहिली, आणि नेऊन भुरीच्या पाठीवर घातली. पट्टा बांधला. पोटाखालची गाठ नेहमीसारखी नीट मारली, काचू नये म्हणून मधे बोट घालून पाहिलं.

खरूज धरायला वेळ लागत नाही. आधी मानेवर कोंडा दिसला, मग पाठीवर खवले, मग केस झुपक्याने गळायला लागले. वरून झूल, आणि भाऊ मागच्या भागात फारसा फिरकत नसे. रोज संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले की पलीकडून भुरीचं खांबावर अंग घासणं ऐकू यायचं. करवत चालावी तसा आवाज. मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची आणि प्रत्येक नावाबरोबर तो आवाज.

सकाळी आक्का खराऱ्याला निघायची. पहिली शेळी, दुसरी शेळी, ओळीने सगळ्या. भुरी शेवटी. भुरी लांबूनच वळून कूस पुढे करून तयार. आक्का तिच्यापाशी यायची आणि तळहाताने तिला बाजूला ढकलायची. "हट." भुरीला वाटायचं, बाजू चुकली. ती दुसरी कूस पुढे करायची. "हट म्हटलं ना." मग आक्का ब्रश कनवटीला खोचून निघून जायची, आणि भुरी तशीच तिरपी मान करून उभी.

न राहवून मी गोठ्याच्या भिंतीपाशी गेले. "आक्का, हे काय करताय?"

"तिचं कातडं नासवतेय," आक्काने सरळ सांगितलं. "किडकी झाली की माझी. त्याने शब्द दिलाय."

"अहो, तो हसण्यावारी बोलला."

"हसत दिला तरी शब्दच की. माझ्या लग्नात सगळे गंभीर होते. मग?"

"पण तिला त्रास होतोय हो."

"मला सांगतेस?" आक्काने डावा गाल माझ्याकडे केला. गालावर लाल पुरळ, नखांनी ओरबाडून सालटं निघालेलं. खरूज कुठवर पसरली हे ती रोज संध्याकाळी बघत होती, आणि बघायला तिच्याकडे गालच होता. "मला कळत नाही होय, किती खाजतं ते?"

थंडी सरली. कातडेवाला आला. स्वच्छ कपड्यांचा, हसतमुख माणूस. शेळीच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडायचा आणि ती किती पटकन जागेवर जाते ते बघायचा. सगळ्या बघून झाल्यावर त्याने भुरीची झूल उचलली आणि लगेच सोडून दिली.

"मालक, हिला भाजलीत की काय?"

भाऊ पुढे आला. झूल उचलून बघत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर गोठ्यातलं सगळ्यात चांगलं कातडं खवल्याखवल्यांनी गळत होतं. कातडेवाल्याचं लक्ष आक्काकडे गेलं. "आणि हेच बाईंच्या तोंडावर पण आलंय. जपा, बाकीच्या जनावरांना लागेल." असं म्हणून त्याने आधी पसंत केलेल्या शेळ्या पुन्हा एकदा तपासायला घेतल्या, आणि या खेपेला हातात रुमाल धरून.

भावाने बहिणीच्या गालाकडे पाहिलं, मग भुरीच्या पाठीकडे. त्याला सगळं उमगलं. तो ओरडेल म्हणून मी खिडकीत अंग चोरून घेतलं. तो ओरडला नाही. त्याने भुरीचं दावं सोडलं, तिला ओढत आक्काच्या खोलीत नेलं आणि खाटेच्या पायाला बांधलं.

"घे. शब्द म्हणजे शब्द. किडकी आहे तोवर तुझी. बरी झाली की कातडेवाल्याची."

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "आणि आक्का, पोराबाळांचं घर आहे. अंगावरचं जाईपर्यंत आत पाऊल टाकू नका."

तेव्हापासून आक्काचं ताट खोलीबाहेर जमिनीवर यायचं आणि वहिनी केरसुणीच्या दांड्याने ते आत सारायच्या. भुरीचा खुराकही तसाच. कधी घाई असली की दोन्ही एका खेपेत.

भुरी जगली होती. आक्काला हवं ते मिळालं होतं. पण आता गंधकाचं मलम तिच्याच उशाला, आणि लावायचं तर बेताने. पूर्ण बरी केली तर कातडेवाला, नाही केली तर भुरी स्वतःला चावून चावून खाणार. आक्का मान बरी करायची आणि पाठ सोडायची. पाठ फारच चिघळली की पाठीला लावायची आणि मांडी सोडायची. ताटाएवढा डाग पुरतो, असं तिने मला सांगितलं, हळद किती घालायची ते सांगावं तसं. जिने आयुष्यभर केसाएवढा डाग पडू दिला नव्हता, ती आता डाग सांभाळत होती. बरा व्हायला लागला की तीच जुनी झूल पुन्हा. ती आक्का उकळत नसे.

तिचा स्वतःचा गालही बरा होईना. कसा होणार?

मी प्रार्थनेला बसे आणि काय मागायचं तेच मला कळत नसे. भुरीची खाज जाऊ दे म्हणावं, तर सुरी. राहू दे म्हणावं, तर हे असलं मागणं देवापुढे ठेवायचं कोणत्या तोंडाने? मग मी नुसतं नाव घेत बसे.

पावसाळा उलटून गेल्यावरची दुपार. मी आक्काला जुनं मऊ लुगडं द्यायला गेले होते, फडकी करायला. आक्काने खुंटीवरची झूल काढली. भुरी बसलेली होती, ती झूल बघून धडपडत उठली. गुडघे लटपटत होते. मला वाटलं, कूस पुढे करेल. ती मागे सरकली. दावं ताणलं गेलं, खाट जमिनीवर खरवडत हलली, आणि भिंतीला पाठ टेकल्यावर भुरीने डोकं खाली घातलं, अनोळखी कुत्र्यासमोर घालावं तसं. आक्कासमोर.

आक्का झूल हातात घेऊन उभी राहिली. "मी आहे गं," म्हणाली. एक पाऊल पुढे टाकलं. भुरीने शिंगं रोखली.

मला तिथे थांबवेना, मी आले. थोड्या वेळाने खिडकीतून बघितलं तर पिंपाखाली जाळ होता आणि झूल उकळत होती.

नंतरचं सगळं मी रोज पाहिलं. कोमट पाण्याने खवले भिजवणं, तेलात कालवलेलं गंधक, कोवळ्या उन्हात बांधणं, भिजवलेला जवस हाताने भरवणं. आधी भुरी अंग चोरायची. मग उभी राहायला लागली. मग मऊ लव आली, लव दाट झाली. आक्काचा गालही साफ झाला. एक दिवस वहिनी म्हणाल्या, "आक्का, आज आत या जेवायला, लोकं काय म्हणतील." आक्का आत जाऊन जेवली.

थंडीचे केस झडत आले तशी एका सकाळी भुरी वळली आणि तिने कूस पुढे केली. आक्का खरारा करत होती आणि तिच्या पाठीवरून मला कळलं की ती रडतेय. मीही भांडी तशीच ठेवली.

"आता?" मी भिंतीपलीकडून विचारलं.

"आता काय! त्याने शब्द दिलाय."

"भावाच्या पाया पडा. मी येते बरोबर."

"पडले काल." आक्काने ब्रश झटकला. "म्हणाला, 'एवढं चांगलं जमतं तुला आणि वर्षभर नाटकं केलीस.'"

कातडेवाला आला त्या दिवशी आक्का भुरीला स्वतः घेऊन आली. सगळ्यांदेखत तिने गाल टेकवला आणि मानेपासून शेपटीपर्यंत, दोन्ही कुशी, मांडीची आतली बाजू, सगळं पाहिलं. कातडेवाला ताटकळला, हसला, पण थांबला. शेवटी आक्का म्हणाली, "डाग नाही."

"वा," तो चिमटी सोडत म्हणाला. "मालक, या वयात असं कातडं मी पाहिलं नाही."

"आमच्या आक्काचा हात आहे तो," भाऊ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

गाडीत चढवताना भुरी फळीवर अडली. मागे वळली, आक्का दिसली, आणि तिने मान तिरपी करून कूस पुढे केली. आक्काने कनवटीचा ब्रश काढला आणि खरारा करायला लागली, गाडीचं इंजिन सुरू असताना.

"आता कशाला, आक्का?" वहिनी म्हणाल्या. "ते लोक केस काढूनच टाकतात."

आक्काने ती बाजू पूर्ण केली. दुसऱ्या बाजूला वेळ मिळाला नाही.

त्यानंतर आक्काने कोणत्याही शेळीला गाल लावला नाही. काम सोडलं नाही. पेंढा, तेल, जवस, खरारा, सगळं वेळेवर. तपासायची मात्र बोटांनी, ज्यांना काही कळत नव्हतं. साहजिकच गोचीड राहायला लागले, आणि कातडी परत यायला लागली. भाऊ ती एकामागून एक दोरीवर टांगतो. दोरी आता भरलेली असते. भुरीचं परत आलं नाही.

परवा मी तिला भाकरी द्यायला गेले. आक्का खाटेवर पडली होती, तोंड दोरीच्या बाजूला. माश्या घोंघावत होत्या.

"आक्का, वास येत नाही का हो?"

"येतो की," म्हणाली, आणि बसायला मला जागा करून दिली.